किट निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह: आता घरात कोणाकोणाची कोरोना चाचणी करायची?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी तारखांसकट मांडतो, कारण यात वार आणि तारखांना फार महत्त्व आहे. मिस्टरांना मंगळवारी, 18 जानेवारी 2022 ला, ताप आला. बुधवारी स्वॅब दिला आणि गुरुवारी कोरोनाची आरटीपीसीआर (विषाणूचं जनुक शोधणारी लॅबमधली चाचणी) पॉझिटिव्ह आली. गुरुवारपासूनच तुमचा घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय, ताप मात्र नाही. शुक्रवारी सकाळी मेडिकलमधून अँटिजेन किट (विषाणूचं प्रथिन शोधणारी घरगुती चाचणी) आणून घरी पाहिलं, ते निगेटिव्ह. नऊ वर्षांच्या मुलीला शुक्रवारपासून सर्दी आहे. सासूबाई 71 वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, पण त्यांना आज शनिवारपर्यंत काहीही त्रास नाही. प्रश्न असा की सगळ्यांनी लॅबमध्ये जायचं का, आणि 29 तारखेला ठरलेलं हळदी-कुंकू येणाऱ्या बायकांची दारातच किटने तपासणी करून उरकता येईल का.

खरं तर हे चार माणसांचे चार वेगळे प्रश्न आहेत. ‘सगळ्यांनी चाचणी करून घ्या’ म्हणणं सोपं आहे, पण आत्ता, जानेवारी 2022 मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत लॅबवर एवढा ताण आहे की एक रिपोर्ट यायला दोन-दोन दिवस लागताहेत. म्हणून लॅबमध्ये आम्ही विचारणाऱ्याला उलट एकच गोष्ट विचारतो: पॉझिटिव्ह आली तर काय कराल, आणि निगेटिव्ह आली तर काय कराल? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर स्वॅब कशासाठी द्यायचा?

आधी तुमचं. घरात खात्रीचा पेशंट आहे, त्याच्यासोबत एका छताखाली वावर आहे आणि लक्षणं सुरू झाली आहेत. अशा वेळी चाचणीच्या आधीच तुम्हाला संसर्ग असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त धरावी लागते. सोयीसाठी 60 टक्के धरू. तुमच्यासारख्या 100 जणी घेतल्या तर 60 जणींना संसर्ग आहे, 40 जणींना साधी सर्दी. घरगुती अँटिजेन किट संसर्ग असलेल्या 100 पैकी 70 पकडतं असं समजा (पहिल्या-दुसऱ्या दिवशी याहून कमीच). म्हणजे 60 पैकी 42 जणींना दुसरी रेघ दिसेल आणि 18 जणी सुटतील. संसर्ग नसलेल्या 40 जवळपास सगळ्या निगेटिव्ह येतील. एकूण निगेटिव्ह झाल्या 58, आणि त्यांत 18 जणींना संसर्ग आहे. जवळपास दर तिघींमागे एक. शुक्रवारचं तुमचं किट एवढंच सांगतं. शक्यता 60 वरून 30 टक्क्यांच्या आसपास उतरली, शून्यावर आली नाही. आणि 30 टक्के शक्यता असलेल्या माणसाने 71 वर्षांच्या मधुमेही बाईंच्या ताटात मास्कशिवाय वाढायला जाऊ नये.

म्हणून तुमचं उत्तर असं: स्वतःला आजपासून पॉझिटिव्हच समजा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 10 जानेवारी 2022 ला जी सूचना काढली तीही हेच सांगते. लक्षणं असून घरचं किट निगेटिव्ह आलं तर तेवढ्यावर थांबायचं नाही, पुन्हा चाचणी करायची. किट पॉझिटिव्ह आलं तर मात्र तो निकाल पक्का, खात्रीसाठी दुसरी चाचणी नको. अँटिजेन चाचणी आरटीपीसीआरच्या एक-दोन दिवस मागे चालते. विषाणूचं प्रथिन पट्टीवर रेघ उमटवण्याइतकं साचायला वेळ लागतो, आणि लस घेतलेल्यांना घसा दुखायला बऱ्याचदा त्याआधीच सुरुवात होते. तुम्ही दुसरं किट आज शनिवारी संध्याकाळी किंवा उद्या सकाळी करा. शुक्रवारच्या किटपेक्षा त्यावर जास्त विसंबता येईल.

आरटीपीसीआर तुम्हाला हवीच का? ते तुमच्या परिस्थितीवर आहे. ऑफिसला रजेसाठी रिपोर्ट लागत असेल, विम्याचा दावा करायचा असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा तुम्हालाही मधुमेह, दमा, किडनीचा त्रास असेल, तर करा. यातलं काहीच नसेल आणि तुम्ही सात दिवस वेगळं राहणारच असाल, तर रिपोर्टने तुमच्या दिनक्रमात फरक पडणार नाही. औषधंही तीच: ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती. ओमायक्रॉन आहे की डेल्टा हे नेहमीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं, आणि कळलं तरी घरच्या उपचारात त्याने काही बदलत नाही.

दुसरं किट करण्याआधी ते नीट करायचं कसं ते सांगतो, कारण घरी निगेटिव्ह आलेल्या किटांत चुकीच्या पद्धतीने केलेली बरीच असतात. किट फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर अर्धा तास बाहेर ठेवा. पाकिटावरची मुदत बघा. कॅसेटचं (आत पट्टी असलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याचं) पाकीट आयत्या वेळी फोडा, आधी फोडून ठेवलं की पट्टी हवेतला ओलावा धरते. नाक आधी शिंकरून घ्या, शेंबडाच्या गोळ्याने स्वॅब माखला तर द्रव पट्टीवर नीट चढत नाही. मग स्वॅब दोन ते चार सेंटिमीटर आत, हलका अडथळा लागेपर्यंत, आणि नाकाच्या भिंतीला टेकवून पाच वेळा फिरवायचा. दोन्ही नाकपुड्यांत, त्याच स्वॅबने. बहुतेक जण इथेच घाबरतात आणि नाकाच्या शेंड्यावर टेकवल्यासारखं करून काढून घेतात. नंतर नळीतल्या द्रवात स्वॅब बुडवून, नळी खालून चिमटीत धरून, दहा वेळा घुसळायचा. कॅसेटच्या खळग्यात थेंब टाकायचे ते किटच्या कागदावर लिहिलेत तेवढेच. पुण्याच्या मायलॅबचं कोव्हिसेल्फ, ज्याला मे 2021 मध्ये घरगुती चाचणीची आपल्याकडची पहिली परवानगी मिळाली, त्यात दोन थेंब आहेत. दुसऱ्या कंपनीच्या किटमध्ये तीन किंवा चार असू शकतात. 15 मिनिटांनी बघायचं, 20 मिनिटांनंतर बघायचं नाही. वेळेच्या आत आलेली ‘टी’ची (टेस्टची) रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्ह. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितलेली रेघ मोजायची नाही, ती पट्टी वाळतानाही उमटू शकते.

आता किटच्या पाकिटावर कोणी ठळक लिहीत नाही अशी एक गोष्ट. ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ आली म्हणजे चाचणी बरोबर झाली असं सगळे धरून चालतात. बहुतेक घरगुती किटमध्ये ती रेघ फक्त एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून शेवटपर्यंत वाहिला आणि पट्टीवरची रसायनं शाबूत आहेत. स्वॅबवर तुमच्या नाकातलं काही आलं होतं का, हे ती सांगत नाही. स्वॅब नाकात न घालता तसाच नळीत बुडवला तरी ‘सी’ची रेघ छान उमटेल आणि तुम्ही ‘निगेटिव्ह’ ठराल. आरटीपीसीआरमध्ये बहुतेक किटांत माणसाचं एक जनुकही सोबत तपासलं जातं. ते दिसलं नाही तर नमुनाच नीट आला नाही हे आम्हाला कळतं आणि आम्ही दुसरा स्वॅब मागतो. म्हणून ‘पुन्हा नमुना द्या’ असा फोन आला तर लॅबवर चिडू नका. कधी विषाणूच्या दोनपैकी एकच जनुक दिसतं आणि रिपोर्टवर ‘अनिर्णित’ येतं. तेव्हाही एक-दोन दिवसांनी नवा स्वॅब द्यायचा.

आता सासूबाई. तुम्ही त्यांचं शेवटी लिहिलंय, ‘त्यांना काहीच नाही’ म्हणून. माझ्या मते चाचणीसाठी पहिला नंबर त्यांचाच. आयसीएमआरच्या त्याच सूचनेनुसार लक्षणं नसलेल्या संपर्कातल्या माणसांना चाचणीची गरज नाही, पण 60 वर्षांवरचे आणि मधुमेह, रक्तदाब, फुप्फुस किंवा किडनीचे आजार, कर्करोग, लठ्ठपणा असलेले यातून वगळले आहेत. त्यांची चाचणी करायची आहे. आणि मघाचा प्रश्न इथे लावला तर उत्तरं वेगळी येतात. पॉझिटिव्ह आल्या तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं, कारण 60 वर्षांवरचे आणि आजार असलेले पेशंट घरी ठेवायचे की नाहीत हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं आहे. विषाणूवरची जी औषधं निवडक पेशंटना देतात ती लक्षणं सुरू झाल्यापासून पाचेक दिवसांतच कामाची, नंतर देऊन उपयोग नाही. साखर दिवसातून दोनदा मोजायची. लसीचा प्रिकॉशन (तिसरा) डोस द्यायचा विचार असेल तर जानेवारी 2022 च्या नियमानुसार तोही बरं झाल्यावर तीन महिन्यांनी. निगेटिव्ह आल्या तर त्यांना वाचवायची संधी अजून हातात आहे.

त्यांच्यासाठी किट नको, आरटीपीसीआर. लक्षणं नसताना किट जास्त चुकतं. आणि आजच करा, थांबू नका. मिस्टर ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू पसरवत असणार, म्हणजे रविवार 16 पासून सासूबाईंचा संपर्क धरा. ओमायक्रॉनमध्ये संपर्कानंतर साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास आजार दिसू लागतो. आज सहावा दिवस आहे, चाचणीला योग्य. सोमवारी-मंगळवारी केली असती तर ती निगेटिव्ह येऊन उगाच निश्चिंत केलं असतं. पण एक अडचण आहे. तुम्ही स्वतः गुरुवारपासून आजारी, मुलगी शुक्रवारपासून, म्हणजे त्यांच्यासाठी संपर्काचं घड्याळ पुन्हा सुरू झालंय. आजचा निगेटिव्ह रिपोर्ट आजपुरताच. पुढच्या आठवड्यात त्यांना घसा, खोकला, अंगदुखी काहीही झालं तर त्याच दिवशी पुन्हा. वयस्कर माणसांत ताप नसतोही. जेवण कमी होणं, दिवसभर झोपून राहणं, बोलण्यात गोंधळ, विनाकारण वाढलेली साखर, यालाही लक्षणच समजा.

जानेवारी 2022 मध्ये राज्यात खासगी लॅबमध्ये जाऊन आरटीपीसीआर दिली तर दर 350 रुपये ठरलेला होता, घरी येऊन नमुना घेतला तर 700. सासूबाईंसाठी घरीच बोलवा, दोन तास रांगेत उभं करून त्यांना दुसरीकडून संसर्ग लावून आणू नका. घशातूनही नमुना घेतात, त्यामुळे आधी अर्धा तास काही खायला-प्यायला देऊ नका. नाकातला स्वॅब वर कपाळाच्या दिशेने जात नाही, टाळूला समांतर सरळ मागे जातो, आणि मागे टेकल्यावर काही सेकंद तिथेच ठेवून फिरवून काढतात. डोळ्यांत पाणी येतं. नमुना घेणाऱ्याने दोन सेकंदांत टेकवून काढला तर ‘दादा, परत घ्या’ म्हणायला संकोच करू नका. फोन नंबर आणि नावाचं स्पेलिंग बाटलीवर लिहिताना डोळ्यांनी बघा. एका घरातले तीन नमुने एकदम जातात तेव्हा आडनाव एकच असल्याने अदलाबदल होऊ शकते.

चाचणीचा आणखी एक उपयोग आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. घरात चौघं आहात, खोल्या बहुधा दोन-तीन. समजा सासूबाईही पॉझिटिव्ह आल्या, तर चौघांना चार कोपऱ्यांत बसवण्यात अर्थ उरत नाही. पॉझिटिव्ह माणसं एकत्र राहू शकतात, एकमेकांचं बघू शकतात. निगेटिव्ह आल्या तर उलट: सर्वांत हवेशीर खोली त्यांना, आणि त्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर एन-95 मास्क. जेवणाचं ताट दाराशी ठेवून बाजूला व्हायचं. खिडक्या उघड्या, थंडी असली तरी. भांडी-कपडे सॅनिटायझरने पुसत बसण्यात जो वेळ जातो तो खिडकीवर घालवा.

मुलीचं फार ताणत नाही. घरात दोघं आजारी आणि तिला सर्दी, म्हणजे तिलाही तेच आहे असं धरा. 15 वर्षांखालच्यांना जानेवारी 2022 पर्यंत लस सुरू झालेली नव्हती, पण या वयात आजार बहुतेकदा दोन-तीन दिवसांचा. नाकात स्वॅब घालून रडवायची सक्ती नाही. घरी उरलेलं किट असेल आणि ती तयार असेल तर करा, कारण पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत तिला परत ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असं काही झालं तर मुलांच्या डॉक्टरांना ‘जानेवारीत पॉझिटिव्ह होती’ हे सांगता येणं कामाचं ठरतं. आत्ता डॉक्टरकडे न्यायचं ते ताप तीन दिवसांपुढे गेला, पाणीही घेईनाशी झाली किंवा श्वास मिनिटाला 30 च्या वर गेला तर. श्वास मोजायचा ती झोपलेली असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. राज्य सरकारने 24 तारखेपासून शाळा उघडायला परवानगी दिली आहे, पण तुमच्या शाळेने काहीही ठरवलं असलं तरी ती या आठवड्यात घरीच.

मिस्टरांची परत चाचणी करू नका. जानेवारी 2022 च्या नव्या नियमानुसार रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नाही, एवढं झालं की विलगीकरण संपलं. ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ असं ऑफिस म्हणत असेल तर त्यांना हा नियम दाखवा. आरटीपीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडेही पकडते, बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. सातव्या दिवशी उत्सुकता असलीच तर अँटिजेन किट करा. ते पॉझिटिव्ह असेल तर अजून पसरवण्याची शक्यता बरीच आहे, आणखी तीन दिवस थांबा.

त्यांच्या आरटीपीसीआर रिपोर्टवर सीटी 19 आहे आणि शेजाऱ्यांच्या 28, म्हणून तुम्हाला काळजी वाटली. सीटी म्हणजे विषाणू दिसायला यंत्राला किती फेऱ्या लागल्या तो आकडा, जितका कमी तितका नमुन्यात विषाणू जास्त. त्या आकड्यावरून आजार किती गंभीर होणार ते ठरत नाही. साधारण सव्वातीन फेऱ्यांच्या फरकाने विषाणूचं प्रमाण दहापट बदलतं, त्यामुळे 19 आणि 28 मध्ये नमुन्यातला फरक शेकडो पट, हे खरं. पण तो नमुन्यातला फरक आहे. स्वॅब कसा घेतला, आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, कुठल्या किटवर चालवला, यानेही आकडा हलतो. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्राने पॉझिटिव्हची मर्यादा 24 वर आणण्याबद्दल विचारलं होतं, आयसीएमआरने 35 च कायम ठेवली. रक्तातली अँटिबॉडी चाचणी आणि छातीचा सीटी स्कॅनही आत्ता कोणाचाच नको. पहिली आजचा संसर्ग सांगत नाही, दुसरा ऑक्सिजन उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितला तरच.

हळदी-कुंकवाचं. दारात किट ठेवायचं डोक्यातून काढून टाका. गावात लक्षणं नसलेल्या 1000 बायकांत 20 जणींना संसर्ग आहे असं समजा. किट त्यातल्या 14 पकडेल (लक्षणं नसताना त्याहून कमीच), 6 आत येतील. उरलेल्या 980 पैकी शेकडा एकीला खोटी रेघ आली तरी 10 जणींना उगाच सवाष्णींच्या रांगेतून परत पाठवाल, आणि ती चर्चा पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरेल. शिवाय तुमच्या बाबतीत मुद्दा पाहुण्यांचा नाहीच, यजमानीणबाईंचा आहे. तुमचे सात दिवस 27 ला पुरे होतात, पण काही जण दहाव्या दिवसापर्यंत पसरवत असतात आणि मुलगी तुमच्या एक दिवस मागे आहे. 29 तारीख सोडा. रथसप्तमी यंदा 7 फेब्रुवारीला, सोमवारी आहे. शनिवार-रविवार 5-6 फेब्रुवारी मोकळे आहेत. सासूबाईंना उद्या-परवा लक्षणं सुरू झाली तरी तोवर त्यांचेही दहा दिवस होतात. तेव्हाही अंगणात किंवा गच्चीवर करा, बायकांना वेळ वाटून द्या, आणि अत्तर-गुलाबपाण्यासाठी मास्क खाली ओढायला लावू नका.

शेवटी ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र), कारण रिपोर्टपेक्षा पुढचे दहा दिवस तोच जास्त उपयोगी पडणार आहे. सासूबाईंच्या बोटाला नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, दुसरं बोट घ्या. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा. बसवून, हात टेकवून, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. सकाळी, दुपारी, रात्री लिहून ठेवा. एकदा बसून मोजलं की घरातल्या घरात सपाट फरशीवर चालवा आणि पुन्हा मोजा. राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितलेली ही चाचणी सहा मिनिटांची आहे, 60 वर्षांवरच्यांना तीन मिनिटं चालतं. चालल्यावर आकडा 93 च्या खाली गेला, आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना फोन. बसलेल्या अवस्थेत तासाभरात तीनदा मोजून 93 किंवा खाली आला, तर स्वॅबचा निकाल आला असो-नसो, गाडी काढा. घरातलं उरलेलं स्टिरॉइड मात्र कोणाच्याही सांगण्यावरून सुरू करू नका. मधुमेहात त्याने साखर किती वर जाते आणि त्यातून म्युकर (काळी बुरशी) कसा होतो, हे 2021 च्या उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या किटचा निकाल आणि सासूबाईंचा रिपोर्ट आला की कळवा, तारखा बदलल्या तर पुढचा हिशोब परत मांडून देतो.